केऑस : गोंधळ की यादृच्छिकता?

प्रश्न : डिजिटल चित्रे गुप्त ठेवण्यासाठी 'केऑस थिअरी' वापरतात. या 'केऑस'ला मराठीत 'गोंधळ' म्हणावे की 'यादृच्छिकता'?

दोन्ही नको. 'यादृच्छिकता' तर मुळीच नको. हल्ली प्रत्येक व्याख्यानात ती ऐकून कान किटले. यादृच्छिक म्हणजे ज्याला नियम नाही ते, आणि इथे तर सगळा नियमाचाच कारभार. ० आणि १ यांच्यामधली एखादी संख्या घ्या, ती १ मधून वजा करून आलेल्या बाकीने तिलाच गुणा, मग ३.९९ ने गुणा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. येणारी संख्यामाला वेडीवाकडी दिसते, पण सुरुवात तीच असेल तर मालाही तीच. म्हणून तर सुरुवातीची संख्या किल्ली ठरते. तिचा दहावा दशांश बदला, चाळीसेक फेऱ्यांत सारे वेगळे. या मालेने पिक्सेलच्या, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांच्या, जागा हलवायच्या, त्यांच्या किमती बदलायच्या. ती यादृच्छिक असती तर चित्र परत उलगडले कसे असते?

पण खरी गंमत मूळ शब्दात आहे. ग्रीक 'खाओस' म्हणजे आ वासलेली पोकळी. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या विश्वोत्पत्तीत सर्वांआधी उपजते ती हीच. पसाऱ्याचा अर्थ नंतरचा. रोमन कवी ओव्हिडने तो रूढ केला आणि जग त्याच्यामागे गेले. याच खाओसवरून सतराव्या शतकात रसायनज्ञ व्हान हेल्मोंटने 'गॅस' शब्द घडवला. काही पंडित तो 'आत्मा' या अर्थाच्या डच शब्दाला चिकटवतात. अहो, शब्द घडवणाऱ्यानेच 'प्राचीनांच्या खाओसहून फार दूर नाही' असे लिहून ठेवले आहे, तुमची अटकळ हवी कुणाला?

आता 'सायफर', म्हणजे गुप्तलिपी, हा शब्द पाहा. तो अरबी 'सिफ्र'वरून आला, म्हणजे रिकामे. आणि अरबांनी हा शब्द योजला तो आपल्या 'शून्य'साठी. म्हणजे 'केऑस सायफर' ही पोकळीवर पोकळी! माझ्या मते हे नाव नकळत अचूक बसले आहे. नीट गुप्त केलेल्या चित्रात सगळ्या छटा जवळजवळ सारख्याच प्रमाणात येतात, डोळ्याला काहीच सापडत नाही. तो पसारा नव्हे, रितेपण.

'केऑस'ला 'कोलाहल' सुचवणाऱ्यांना एवढेच विचारतो, चित्र कधीपासून ओरडू लागले? मी 'केऑस' तसाच लिहितो. मात्र त्या नावाला भुलून पद्धत सुरक्षित मानू नका. संगणक ठरावीक अंकच साठवतो, त्यामुळे माला कधीतरी त्याच वाटेवर येते. अशा कितीतरी पद्धती फोडल्याही गेल्या आहेत.