क्लच केबल: नवी टाकण्याआधी जुनी कुठे झिजली ते पाहा

तुमचं म्हणणं असं की पेडल दिवसेंदिवस जड होतंय, रिव्हर्स टाकताना कर्रकर्र वाजतं आणि पेडलच्या हुकाजवळ तारेचे दोन-तीन पदर तुटून वर आलेत. केबल स्वतः बदलून भागेल का, की क्लच प्लेटच बदलावी लागेल? पदर तुटलेले दिसत असतील तर केबल बदलायचीच. राहिलेल्या पदरांवर ताण वाढत जातो आणि केबल एके दिवशी पाय दाबतानाच तुटते. काम घरी होण्यासारखं आहे. मात्र जडपणा केबलचाच आहे का, हे आधी पक्कं करा, नाहीतर नवी केबलही तशीच जाईल.

त्यासाठी गिअरबॉक्सकडचं टोक लिव्हरमधून सोडवा. आता पेडल हाताने दाबा. इथेच खरखर लागली, तर पेडलच्या पिनवरचा बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) कोरडा आहे किंवा केबल आत घासतेय. मग पेडलकडचा हुकही काढा आणि आतली तार दोन्ही टोकांनी धरून मागे-पुढे ओढा. चांगली तार बोटांनी सहज सरकते, खराब तार मधेच अडते. शेवटी गिअरबॉक्सवरचा लिव्हर हलवा. क्लच सोडवणारं आतलं बेअरिंग प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या प्लेटला) टेकेपर्यंत तो थोडा मोकळा हलला पाहिजे. तो जाम असेल तर त्याच्या शाफ्टचे बुश गंजलेत. तार मोकळी, पेडल मोकळं, लिव्हर मोकळा आणि तरीही जोडल्यावर पेडल जड, असं असेल तर दोष प्रेशर प्लेटचा. तिथे केबल बदलून काही उपयोग नाही.

रिव्हर्सच आधी का वाजतो? बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा भाग, नसतो. क्लच पूर्ण सुटला नाही की पहिली तक्रार तिथून येते.

आता झीज कुठे आहे ते बघा. हुकाजवळ पदर तुटले असतील तर हुक बसतो ते पेडलचं भोक लांबुळकं झालंय का, नायलॉनचा बुश जागेवर आहे का, ते तपासा. लिव्हरकडे तुटले असतील तर तार तिथे तिरकी ओढली जातेय. मधेच बाहेरचं आवरण वितळलं असेल तर केबल एक्झॉस्टला टेकत होती. तसं नसेल, पण आवरण लांबवर करपलेलं असेल आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर तारेला चिकटलेलं असेल, तर इंजिनची अर्थिंगची पट्टी (इंजिन बॉडीला जोडणारी वायर) तपासल्याशिवाय नवी केबल टाकू नका. ही गोष्ट फार जण विसरतात. पट्टी गंजली की स्टार्टरच्या करंटला इंजिनातून बॉडीत परतायला दुसरा रस्ता लागतो आणि क्लच केबलची लोखंडी तार तो देते. शंभराहून जास्त अँपिअर त्या बारीक तारेतून गेले की अस्तर वितळणारच. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा, गाडी न्यूट्रलला घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. ०.५ च्या वर गेलं तर पट्टी आणि तिचे दोन्ही बोल्ट साफ करा किंवा पट्टीच बदला.

सामान फार लागत नाही: तुमच्या गाडीच्याच मॉडेलची केबल, १० आणि १२ चे पाने, पक्कड, टॉर्च, गंज सोडवणारं तेल, थोडं ग्रीस आणि मोजपट्टी. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा बॅटरी काढल्याशिवाय हात आत जात नाही. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. गाडीखाली शिरावं लागलं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा आणि चाकांना ठोकळे लावा.

सोडण्याआधी केबल कुठून कुठे गेलीय, कोणत्या क्लिपमध्ये अडकलीय, याचे फोटो काढून ठेवा. लिव्हरकडच्या नटापुढे किती आटे बाहेर आहेत तेही मोजा. नट जाम असेल तर तेल मारून थांबा, घाई केली तर आटे जातात. लॉकनट सैल करून अॅडजस्टिंग नट पूर्ण मागे घ्या, टोक लिव्हरमधून काढा, ब्रॅकेटमधून आवरण सोडवा, मग पेडलचा हुक. शेवटी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी बुशसकट केबल इंजिनच्या बाजूने ओढा.

जुनी आणि नवी शेजारी ठेवून जुळवा. एकूण लांबी सारखी असून पुरत नाही. आवरण संपल्यावर तार किती बाहेर येते ते दोन्हींत सारखं हवं. ते चुकलं तर नट कितीही फिरवा, क्लच नीट लागणार नाही.

बसवताना वळणं मोठी ठेवा, केबल एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि रबरी बुश पूर्ण बसवा, नाहीतर पावसात पाणी पायाशी येईल. ग्रीस फक्त हुकाला आणि लिव्हरच्या टोकाला लावा. अस्तरवाल्या केबलमध्ये तेल ओतू नका. धूळ धरून ते घट्ट होतं आणि पेडल पुन्हा जड होतं.

आता अॅडजस्टमेंट. पेडल बोटाने हलकं दाबा. जोर लागायला लागेपर्यंत ते जितकं खाली जातं तो प्ले. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. बऱ्याच गाड्यांत तो १० ते २५ मिलिमीटरच्या आसपास येतो. नट आवळला की प्ले कमी होतो. पेडल दहा-पंधरा वेळा पूर्ण दाबून परत मोजा, मगच लॉकनट आवळा. प्ले अजिबात नसेल तर बेअरिंग सतत दाबलेलं राहून लवकर जातं आणि क्लच सरकायला लागतो. प्ले जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअरचे दाते झिजतात. स्वतः ताण घेणारी केबल असेल तर नट शोधू नका. तिची लॉकिंग क्लिप केबल बसल्यावरच काढायची.

चाचणी: इंजिन आयडलवर, पेडल पूर्ण खाली, तीन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाका. आवाज येता कामा नये. मग रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये जोरात रेस द्या. आरपीएम चढला पण वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच सरकतोय. आधी प्ले पुन्हा मोजा. प्ले बरोबर असूनही सरकत असेल तर क्लच प्लेट संपली.

नवी केबल पहिले काही दिवस थोडी बसते. ३००-४०० किलोमीटरनंतर प्ले पुन्हा मोजा.