पक्ष नाही, मग प्रायमरीत मत द्यायचं का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. सिटिझन झाल्यावर मतदार नोंदणी करताना पक्षाचा रकाना मुद्दाम कोरा सोडला, दोन्हीकडचं थोडं पटतं थोडं नाही म्हणून. आता जूनमधल्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मत देऊ का म्हटलं तर नवरा म्हणतो, तो त्यांच्या पक्षातला मामला आहे, आपण कशाला मधे पडायचं? जाऊ का नको?

उत्तर: जा की ताई! तुमच्याकडे पक्ष न लावलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी थेट केंद्रावर जाऊन डेमोक्रॅट का रिपब्लिकन ते सांगून मत देता येतं, अर्थात दोन्हीत नाही, एकातच. फक्त त्यानंतर रेकॉर्डवर तुम्ही त्या पक्षाच्या होता, मग फ्लायर आणि फोन सुरू (उमेदवारांना याद्या मिळतात ना). नको असेल तर फॉर्म भरून परत कोरं होता येतं, पण ते पुढच्या प्रायमरीच्या 55 दिवस आधी उरका, नाहीतर त्याच पक्षात अडकाल.

नवरोबांचं अगदीच चूक नाहीये. 2000 साली सुप्रीम कोर्टानं कॅलिफोर्नियाची सगळ्यांना मोकळी असलेली प्रायमरी याच मुद्द्यावर रद्द केली, पक्षाचा उमेदवार कोणी निवडायचा हे पक्षाला ठरवू द्या म्हणून. पण मग खर्चही पक्षानंच करावा ना, प्रायमरी होते सरकारी पैशातून म्हणजे तुमच्याही टॅक्समधून, आणि एकाच पक्षाचा जोर असलेल्या कितीतरी ठिकाणी खरा निकाल तिथेच लागतो. 2018 मध्ये न्यूयॉर्कला ओकासिओ-कॉर्टेझनं काँग्रेसवर (म्हणजे इथल्या संसदेवर) दहा वेळा निवडून आलेल्या आपल्याच डेमोक्रॅट पक्षाच्या क्राउलींना प्रायमरीत हरवलं तेव्हा जवळपास सात लाख वस्तीच्या मतदारसंघात मतं पडली तीस हजारांच्या आत, नोव्हेंबरची मुख्य लढत नावापुरतीच उरली. तिथली प्रायमरी बंद, कोऱ्या रकान्यावाल्यांना प्रवेशच नाही. 2016 ला तर ट्रम्पच्या इव्हांका आणि एरिकलाही वेळेत पक्ष न लावल्यामुळे बापाला मत देता आलं नव्हतं!

एक मात्र करू नका. समोरच्यांचा कच्चा उमेदवार यावा म्हणून तिकडे जाऊन मत द्यायचं, 2008 ला रेडिओवाल्या रश लिंबॉनं रिपब्लिकन श्रोत्यांना हिलरीला मत द्यायला सांगितलं होतं ना, डेमोक्रॅट पक्षातलं हिलरी-ओबामांचं भांडण लांबावं म्हणून, तसलं. मला ते लबाडीचं वाटतं, कायद्यात बसलं तरी.

आणि दोन्ही बॅलटवर कोणीच पटत नसेल तर जूनमध्ये घरी बसा, नोव्हेंबरचं मत कुठे जात नाही.