प्लेबियन म्हणजे गरीबच का?

प्रश्न : प्राचीन रोममधील प्लेबियन म्हणजे तेथील गोरगरीब, असे आम्ही शाळेत शिकलो. मग क्रॅससासारखा गर्भश्रीमंत माणूस प्लेबियन कसा? गुलामही याच वर्गात मोडत का?

उत्तर : प्लेबियन ही जन्माने ठरणारी ओळख होती, सांपत्तिक स्थितीने नव्हे. पॅट्रिशियन म्हणवणारी मोजकी जुनी घराणी सोडली, तर रोमचे बाकी सारे नागरिक प्लेबियनच. मग तो टायबर नदीच्या धक्क्यावरचा हमाल असो की क्रॅसस. गुलाम नागरिकच नसल्याने त्यांची गणना यात होत नसे. मात्र रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होई आणि प्लेबियनांत जमा होई.

आरंभीच्या काळात हा जन्मभेद फार जाचक होता. सत्तापदे पॅट्रिशियनांच्या हाती होती आणि कर्ज थकले की नागरिकाला सावकाराकडे राबावे लागे. परंपरा सांगते की इ.स.पू. ४९४ मध्ये प्लेबियन शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले, आणि लढणारी माणसेच निघून गेल्यामुळे पॅट्रिशियनांना नमते घेऊन ट्रिब्यून हे प्लेबियनांचे स्वतःचे अधिकारपद मान्य करावे लागले. पुढे इ.स.पू. ४४५ मध्ये दोन्ही वर्गांतील विवाहांवरची बंदी उठली, ३६७ मध्ये कॉन्सल हे सर्वोच्च अधिकारपद प्लेबियनांना खुले झाले आणि २८७ मध्ये प्लेबियन सभेचे ठराव सर्वांना बंधनकारक ठरले.

या लढ्याचे मोठेपण मान्य करूनही सांगितले पाहिजे की त्याचे सर्वाधिक फळ सधन प्लेबियन घराण्यांच्या पदरात पडले आणि ती जुन्या उमरावांच्या पंगतीला जाऊन बसली. इ.स.पू. ५९ मध्ये तर क्लोडियस हा पॅट्रिशियन, ट्रिब्यून होता यावे म्हणून, वयाने आपल्याहून लहान असलेल्या एका प्लेबियनाला दत्तक गेला! त्याच क्लोडियसने पुढच्या वर्षी नागरिकांना धान्य फुकट देण्याचा कायदा केला.

सामान्य कष्टकऱ्यांविषयी उमराव लेखक तुच्छतेने लिहितात. म्हणून या कष्टकऱ्यांची थडगी पाहावीत. रोमच्या पोर्ता माज्जोरे या वेशीजवळ युरिसॅसीस या पाववाल्याचे थडगे उभे आहे. ग्रीक वळणाच्या नावावरून तो मुक्त झालेला गुलाम असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. थडग्याच्या वरच्या पट्टीवर जनावरांनी फिरवलेली जाती, कणीक मळणारे कामगार, भट्टी आणि पावांचे वजन असा सारा धंदा कोरलेला आहे. पोटापाण्याच्या कामाचा इतका उघड अभिमान मला फार मोलाचा वाटतो.

साम्राज्यकाळात पॅट्रिशियन आणि प्लेबियन हा भेद जवळपास नावापुरता उरला. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी सिनेटरच्या, म्हणजे राज्यसभेच्या सदस्याच्या, दर्जासाठी १० लाख सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणे) मालमत्ता लागे, तर त्याखालच्या अश्वारोही वर्गासाठी ४ लाखांची. इ.स.च्या दुसऱ्या शतकापासून कायद्यानेही प्रतिष्ठित आणि सामान्य असे दोन गट पाडले. त्यामुळे एकाच गुन्ह्यासाठी प्रतिष्ठिताला हद्दपारी, तर सामान्य नागरिकाला खाणीतील सक्तमजुरी होऊ शके.