हाकेला न येणारा बीगल

प्रश्न : आमचा बीगल दीड वर्षाचा आहे. घरात ‘ब्रूनो, ये’ म्हटलं की धावत येतो. पण सकाळी ले-आउटच्या मैदानात किंवा फुटाळा तलावाकडे दोरी सोडली, की नाक जमिनीला लावून जो निघतो, तो वळूनही बघत नाही. खार दिसली तर विचारूच नका. शेवटी मागे धावून पकडावं लागतं आणि मग रागात एखादी चापटही बसते. त्याला हाकेला यायला कसं शिकवावं?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : चापट आजपासून बंद करा. घरात ‘ये’ ऐकून गेलं की बिस्किट मिळतं. मैदानात ‘ये’ ऐकून गेलं की दोरी लागते, खेळ संपतो, वर मार बसतो. ब्रूनोने हे दोन्ही धडे चोख पाठ केले आहेत. त्यातून तो बीगल. सशाचा माग वासावरून काढण्यासाठीच ही जात पोसली गेली, त्यामुळे त्याचं नाक कामात असताना कान मागे पडणारच. हा हट्टीपणा नाही. मात्र लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना कानाचे संसर्ग सहज होतात. तो डोकं झटकत असेल, कान खाजवत असेल, तर आधी पशुवैद्यांना दाखवा.

मैदानातला ‘ये’ आता वाया गेला आहे, तो दुरुस्त करत बसू नका. नवी खूण घ्या. आमची पसंती शिट्टीला आहे, कारण शिट्टीत तुमचा राग ऐकू येत नाही आणि घरातल्या कोणीही वाजवली तरी ती सारखीच वाजते. रात्रीच्या चौकीदाराची शिट्टी लांब असते, म्हणून तुम्ही तीन छोट्या फुंकी ठरवा.

पहिले ४-५ दिवस फक्त घरात : तीन फुंकी, आणि लगेच, सेकंदाच्या आत, तोंडात खाऊ. त्याने काही करायची गरज नाही. एका बैठकीत १० वेळा, दिवसातून दोन बैठका. खाऊ म्हणजे बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा. रोजचं बिस्किट खारीपुढे टिकत नाही. हा खाऊ शिट्टीशिवाय कधीच द्यायचा नाही, आणि तेवढं जेवण कमी करायचं, कारण बीगल फार लवकर लठ्ठ होतो. घरच्या भाजीतलं चिकन देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतो. द्राक्षं आणि मनुकाही नकोत.

शिट्टी ऐकताच मान गर्रकन वळू लागली की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलवा, मग फाटक लावून अंगणात. इथे एक सवय पक्की करा : तो आला की आधी गळपट्ट्याला हलका हात, मग खाऊ. हे चुकलं तर कुत्रा दोन हातांवर येऊन तुकडा उचलतो आणि निसटतो, आणि ही खोड मोडायला फार वेळ जातो.

मैदानात जाताना १० मीटरची दोरी हवी. बोटभर रुंद, चपटी नायलॉनची पट्टी घ्या, बारीक गोल दोरीने तळहात सोलतो. ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, पाठीवर अडकवा. गळ्याला लावली तर धावता धावता बसणारा झटका थेट मानेवर येतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही. जमिनीवर घसटू द्या आणि गरज पडली तर पाय ठेवा. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी या कामाला नको, तिचा ताण सतत जाणवतो आणि मोकळं असतानाही यायचं असतं हे कुत्रा शिकत नाही.

शिट्टी एकदाच. आला नाही तर पुन्हा वाजवू नका. दोरी धरून जवळ जा, नाकासमोर खाऊ दाखवून उलट्या पावलांनी मागे या, आणि पुढच्या वेळी अंतर निम्मं करा. दहापैकी आठ वेळा येऊ लागल्याशिवाय अवघड जागी जायचं नाही. खारीचं झाड सुरुवातीला ३० मीटर लांब असू द्या. त्याच्या कानांची मुळं वर उचलली गेली, अंग स्थिर झालं, तो क्षण शिट्टीचा. एकदा सुटल्यावर वाजवलेली शिट्टी फुकट जाते आणि तिची किंमतही उतरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका फेरीत पाच वेळा बोलवलंत, तर चार वेळा खाऊ देऊन ‘जा’ म्हणा आणि पुन्हा हुंगू द्या. तुमच्याकडे येऊन त्याचं काहीच जात नाही, हे त्याला पटायला हवं. हुंगायला परत मिळणं हे बीगलला चिकनइतकंच मोलाचं असतं. म्हणूनच आंघोळ, नखं, औषध यांसाठी शिट्टी कधीही नाही, तिथे स्वतः जाऊन घेऊन या. घरातल्या प्रत्येकाला हे सांगा. एकाने मोडलं तरी सगळ्यांची मेहनत जाते.

नागपूरच्या मे महिन्यात बाहेरचा सराव पहाटे साडेपाचच्या सुमारास उरका. सूर्य मावळल्यावरही डांबर बराच वेळ तापलेलं असतं. हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवून बघा, सोसवलं नाही तर पंजालाही सोसणार नाही.

महिनोन् महिने लागतील, आणि एवढं करूनही फुटाळ्याच्या रस्त्यालगत त्याला मोकळं सोडू नका. बीगल मोकळा शोभतो तो कुंपणाच्या आत. कधी सुटलाच, तर मागे धावू नका, त्याला तो पाठशिवणीचा खेळ वाटतो. नावाने एकदा ओरडा आणि उलट दिशेने पळा, किंवा पाठ करून खाली बसा. आल्यावर रागवायचं नाही.

प्रश्न : रस्त्यावरून आणलेली आठ महिन्यांची देशी कुत्री बोलावल्यावर येते, पण पाच-सहा फुटांवर थांबते. हात पुढे केला की मागे सरते. हीच पद्धत चालेल?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : अजून नाही. तिचं लक्ष तुमच्याकडेच आहे, तिला हाताची भीती वाटते. तिच्याकडे कूस करून उकिडवे बसा, डोळ्याला डोळा देऊ नका आणि खाऊ तिच्या मागच्या बाजूला टाका. तो खाण्यासाठी ती लांब जाईल आणि आपणहून परत येईल. दर वेळी थोडी जवळ. गुडघ्याजवळ बिनधास्त खाऊ लागली की तळहातावर द्या, मग छातीला किंवा गळ्याखाली क्षणभर स्पर्श. डोक्यावरून हात न्यायचा नाही. गळपट्ट्याला हात लावल्यावर ती शांत राहू लागली की शिट्टीचे धडे पहिल्यापासून सुरू करा. तोवर फाटकाला कडी घालून ठेवा.