मोसंबीला जंबेरी कशी लागली?

प्रश्न : पंचवटीतल्या जुन्या घराच्या परसात सासूबाईंची मोसंबी आहे. चार-पाच वर्षं कुणी पाहिलं नाही. काटेरी फांद्या माजल्यात, फळं खडबडीत नि आंबटढाण. मला बागकामातलं काही येत नाही. झाड काढू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, कुऱ्हाड बाजूला ठेवा. ही फळं मोसंबीची नाहीतच. मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बहुधा जंबेरीच्या खुंटावर भरतात. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं आंबट लिंबू, नि खुंट म्हणजे कलमाला मुळं देणारं खालचं रोप. दुर्लक्ष झालं की खुंटच फुटून वर चढतो. खोडाशी उकिडवं बसून बघा. वीतभर उंचीवर कलमाचा सांधा दिसेल, तिथे सालीचा पोत बदलतो. त्याखालचे फुटवे बुडापासून कापा. वरच्या फांद्या नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर ठेवा, वाळक्या काढा.

जखमांना बोर्डोमलम, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा : मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. द्राक्षबागांची औषधं विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मोरचूद मिळेल. कालवायला प्लास्टिकची बादलीच घ्या. मी आईचं लोखंडी घमेलं घेतलं होतं. घमेलं गेलं, बोलणी अजून चालू आहेत.

पाणी खोडाला लागू देऊ नका, डिंक्या होतो, म्हणजे साल कुजून डिंक गळतो. आळं फांद्यांच्या घेराखाली करा.

सांध्याच्या वर एकही फांदी जिवंत नसेल, तर मात्र नवं कलम आणा.