जांबुघोड्याच्या जंगलात दोन रात्री: काय बघाल, कसं बघाल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या मध्याला शुक्रवार-शनिवार गुजरातमधल्या जांबुघोड्याजवळच्या एका जंगल कॅम्पात बुकिंग झालंय, बरोबर आठ आणि अकरा वर्षांची मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आहेत. ओळखीच्यांनी सांगितलं की तिथे ना वाघ, ना जीप सफारी, उगाच पैसे घालवताय. अस्वलांची भीती वाटते ती वेगळीच. म्हणून रद्द करायचा विचार चाललाय.

रद्द करू नका. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारात वाढलेला, आणि तीस वर्षांहून जास्त काळ वर्षातून दोन-तीनदा त्या जंगलात जातोय. १३० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९९० साली जाहीर झालं, आणि आपल्या बडोद्यापासून जेमतेम ७० किलोमीटरवर आहे. साग, मोह, टेंभुर्णी, बांबू, मधूनमधून गोटे रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे डोंगर. बिबटे आहेत, अस्वलं आहेत, तरस, नीलगाय, चौशिंगा, साळिंदर आहे. यातलं एकही जनावर गाडीच्या खिडकीतून दिसेल असं धरून चालू नका. काल रात्री त्यांनी काय काय केलं ते बघायला निघालात, तर मात्र दोन दिवस कमी पडतील.

पहिली गोष्ट वारुळं. सकाळी ऊन वर आल्यावर गावातला माणूस किंवा वनखात्याचा रखवालदार बरोबर घेऊन पायवाटेने निघा. तिथे 'अस्वल' म्हणालात तर कळणार नाही, 'रींछ' म्हणा. वारुळाला 'राफडो', बिबट्याला 'दीपडो'. मुलांना हे शब्द शाळेतल्या गुजरातीमुळे लगेच चिकटतील. त्याला सांगा, रींछाने फोडलेला राफडो दाखवा. एका वर्षी मार्चमध्ये एका राठवा (तिथली आदिवासी जमात) रखवालदाराने मला असं वारूळ दाखवलं होतं. बाजूने कोयत्याने कापल्यासारखं उघडलेलं, आतली माती अजून ओली, कडांवर बोटभर रुंदीचे समांतर चरे, आणि खालच्या भोकाभोवती भुकटी फुंकून उडवल्यासारखी गोल पसरलेली. तुटलेल्या बोगद्यांतून वाळव्या धावपळ करत होत्या. ते म्हणाले, दोन तासही झाले नसतील.

मुलांना तिथेच उभं करून सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. आपल्याकडच्या अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. नखं मात्र लांबलचक आणि आकड्यासारखी. नखांनी वारूळ फोडायचं, तोंड लावून फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटून घ्यायच्या आणि त्या दातांच्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची. त्या ओढण्याचा आवाज रात्री शंभर पावलांवरूनही येतो. मी तो एकदाच ऐकलाय, कोरड्या हातपंपासारखा. त्या रात्री आम्ही चौघं जण तंबूत श्वास रोखून बसलो होतो आणि कोणी कोणाला काही बोललं नाही.

डिसेंबरात बोरं पिकू लागतात. वाटेत बोरांच्या बियांनी भरलेला मोठा शेणासारखा पो दिसला तर तो अस्वलाचा. एखाद्या उंच दगडाच्या टोकावर लहानसा ढीग आणि त्यात बिया असतील तर बहुधा उदमांजराचा. पिळदार, टोकाला निमुळती, केसांनी भरलेली लेंडी बिबट्याची. घाण म्हणून मुलांना मागे ओढू नका. हात न लावता काडीने उलगडून बघू द्या. माझ्या पुतणीने वयाच्या नवव्या वर्षी अशा एका लेंडीत साळिंदराच्या काट्याचा तुकडा शोधला होता. आज ती प्राणिशास्त्र शिकवते.

आता भीतीबद्दल, कारण ती खोटी नाही. अस्वल आपल्या अंगावर येतं ते बहुतेक वेळा दचकून. त्याची नजर आणि कान बेताचे, नाक तीक्ष्ण, आणि खाण्यात रमलं की माणूस जवळ येईपर्यंत त्याला कळतच नाही. म्हणून जंगलात गप्प चालायचं हा नियम इथे उलटा करायचा: नाल्याच्या वळणावर, झुडपांत, बोरीच्या जाळ्यांत शिरण्याआधी मोठ्याने बोला, काठी आपटा. मीच एकदा हे विसरलो. वारा समोरून होता, पक्षी बघण्याच्या नादात वळण घेतलं आणि वीस पावलांवर अस्वलीण, पाठीवर एक पिल्लू. ती मागच्या पायांवर उभी राहिली. आम्ही पळालो नाही. रखवालदाराने हाताने खूण केली आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे गेलो. ती नाल्यात उतरून गेली. माझे हात मात्र कॅम्पावर पोचेपर्यंत कापत होते.

तुमच्या तारखांना तर आणखी एक पथ्य आहे. आपल्याकडे अस्वलांची पिल्लं साधारण याच थंडीच्या महिन्यांत होतात, आणि आई दगडांच्या कपारीत राहते. जांबुघोड्याचे गोट्यांचे डोंगर म्हणजे मुलांना लपाछपीला आयतं रान वाटतं. एकाही कपारीत डोकावू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. अंधार पडल्यावर आणि उजाडण्याआधी कॅम्पाच्या आवाराबाहेर पायी जायचं नाही. एवढं पाळलंत तर भीतीचं कारण नाही. गावातली माणसं रोज त्याच जंगलात गुरं चारतात.

मुलांसाठी एक काम सुचवतो, घरून अर्धा किलो प्लास्टर ऑफ पॅरिस घेऊन जा. कॅम्पालगत शेताच्या धुळीच्या वाटा असतात, त्यांवर सकाळी तिरप्या उन्हात ठसे स्पष्ट दिसतात. पुठ्ठ्याची पट्टी गोल करून ठशाभोवती खोचा, भज्यांच्या पिठाइतकं सरसरीत प्लास्टर कालवून ओता, अर्धा तास सोडा. बिबट्याच्या ठशात चार बोटं, नखं नाहीत, कारण तो नखं आत ओढून चालतो. तरसाच्या आणि कुत्र्याच्या ठशात नखांचे ठिपके पुढे उमटतात. अस्वलाचा मागचा पाय उमटला असेल तर क्षणभर वाटेल की एखादं लहान मूल अनवाणी गेलंय. हे सगळं अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावच्या वाटेवर करा. आत गेल्यावर मात्र पीस, काटा, दगड, काहीही उचलून आणायचं नाही, कायद्यानेही मनाई आहे. साळिंदराचा काटा सापडला की मुलं रडकुंडीला येतात, ते आधीच सांगून ठेवा. सागाच्या पानाची झालेली जाळी मात्र हातात धरून उन्हाकडे बघायला सांगा. पावसाळ्याच्या अखेरीस बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या सोडतात. आठ वर्षांच्या मुलाला त्यातून आकाश दिसलं की तो पंधरा मिनिटं हलत नाही.

सासूबाईंची काळजी करू नका, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त दिसेल. कडा धरणाच्या तलावाकाठी संध्याकाळी साडेचारला त्यांना खुर्ची टाकून द्या, अंगावर शाल, शेजारी चहाचा थर्मास. मुलांनाही अर्धा तास तिथेच बसवा. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. मग खंड्या एकाच फांदीवर परत परत येतोय हे लक्षात येतं, टकाचोर ओरडतात, सातभाईंचं टोळकं पाचोळा उलथत पुढे सरकतं, मोर झाडावर चढायला लागतात. अचानक वानर 'खाँक, खाँक' करून खोकल्यासारखं ओरडलं आणि सगळी एकाच दिशेला बघू लागली, तर त्या बाजूने बिबट्या निघालाय असं समजायला हरकत नाही. तो दिसणार नाही. त्या वानरांच्या माना बघा. पाण्यात मात्र कोणी पाय सोडून बसू नका. विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्या शहरातून मगरींसकट वाहते. २०२४ च्या पुरात त्या रस्त्यावर आल्या होत्या ते मुलांना आठवत असेल. तेव्हा या भागातल्या कुठल्याही तलावाच्या काठी सावध राहिलेलं बरं.

झंड हनुमानच्या देवळात शनिवारी जाऊ नका, फार गर्दी. शुक्रवारी जाताना हालोल-शिवराजपूरच्या बाजूने जा म्हणजे दर्शन होईल, जवळच 'भीमाची घंटी' म्हणून दाखवतात ते प्रचंड जातंही बघता येईल. चांपानेर वाटेतच आहे, पण ते या दोन दिवसांत कोंबू नका. हाथणी मातेचा धबधबा पावसाळ्याचा, डिसेंबरात तिथे फार काही नसतं.

रात्रीचं सांगायचं राहिलं. कॅम्पवाल्यांना बुकिंगच्या वेळीच विचारा की रात्री स्पीकर लावतात का. एका ठिकाणी आम्ही दोन हजार रुपये देऊन रात्री बारापर्यंत गरब्याची गाणी ऐकली, आणि शेजारच्या गटाला विनवूनही आवाज कमी झाला नाही. त्या रात्रीचं दुःख मला अजून आहे. आवाज नसेल तर जेवणानंतर आवारातले दिवे मालवायला सांगा. रातवा या निशाचर पक्ष्याचा लाकडावर टकटक केल्यासारखा आवाज येईल, आणि रस्त्याकडे टॉर्च मारलात तर जमिनीवर बसलेल्या रातव्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतील. पूर्वेला मृग आणि त्याच्या वर कृत्तिका असतात. मुलांना कृत्तिकेचे तारे मोजायला लावा, अकरा वर्षांच्या डोळ्यांना सहा-सात तरी दिसतातच. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेचा उल्कावर्षाव असतो, तुमची तारीख त्याच्या आसपास आली आणि चंद्र आड आला नाही तर भाग्यच. जांभळ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च, म्हणजे नोटा तपासायचा असतो तो, बरोबर ठेवा. त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. तंबूभोवती एक चक्कर मारून घ्या, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय कोणी घालायचे नाहीत. विंचू दिसला तर मुलांनी हात मागे बांधून बघायचा. स्वेटर, कानटोप्या भरपूर घ्या, पहाटे तंबूवर दव टपटपतं.

रविवारी परतताना हालोलने येऊ नका, बोडेली-डभोईवरून या. वढवाणा तलाव त्याच बाजूला आहे. महाराज सयाजीरावांनी १९०९-१० च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, आणि २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत असलेला. डिसेंबरात तिथे पट्टकादंब नावाचे हंसासारखे पक्षी येतात, हिमालय ओलांडून आलेले, डोक्यावर दोन काळे पट्टे. चार वाजेपर्यंत पोचा, दुर्बीण नसेल तर कोणाकडून तरी मागून घ्या, कारण पक्षी काठापासून दूर बसतात. सासूबाईंना बांधापर्यंत गाडीने नेता येईल का ते फाटकावर विचारा. सूर्य कलला की थवे शेतांकडे चरायला उठतात, तो आवाज ऐकूनच निघा.

ठशांचे फोटो काढाल तेव्हा शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि इथे टाका. जनावर कोणतं ते बघून सांगतो.