सोलापुरात उघड्यावर पानं, फुलं, दगड मांडून तात्पुरती कलाकृती करायची आहे. डिंक-तार न वापरता टिकेल का?

दगडांची आठवडाभर सहज टिकेल, पानाफुलांची मात्र एक सकाळ, फार तर दुपारपर्यंत. मुलांची अशी शिबिरं घेतो, त्यावरून सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात गुलमोहराच्या पाकळ्या दोन-तीन तासांत कडा आत वळून काळपट पडतात, त्यामुळे उजाडताच बसा आणि नऊच्या आत फोटो काढून मोकळे व्हा. पानं जोडायला बाभळीचा वाळलेला काटा घ्या. टाचणीसारखा आरपार जातो. पिंपळाचं वाळकं पान तसंच टोचलं तर चुरा होतो, आधी अर्धा तास पाण्यात भिजवा. वाऱ्याची बाजू काळ्या दगडांनी दाबा. हे दगड माळावर फुकट मिळतात, फक्त उचलताना आधी काठीने उलथा, खाली विंचू असतो.

गळलेलंच घ्यायचं, तोडायचं नाही. एक मात्र पाळा: कंबर तलाव किंवा उद्यानात करायचं तर महापालिकेला विचारून करा, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मुळीच नको. तिथली काडीही हलवू नये. माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात.